टिचकीबाईंची मोडणारी खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. मोडकी आहे हे तुम्हाला दिसतेच आहे, पण मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. तुमच्या वर्गातली खुर्ची मोडली की तिची रवानगी अडगळीत होते. मला मात्र मोडण्यासाठीच घडवले होते, आणि ज्या दिवशी मी मोडले नाही त्या दिवशी केवढा गहजब झाला! खुर्चीसाठी माणसे एकमेकांचे पाय ओढतात आणि एकदा ती मिळाली की तिला चिकटून बसतात, असे मी ऐकून आहे. माझ्यावर बसायला मात्र एकच बाई तयार होती. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय मला माझी सांगता येत नाही.

माझा जन्म एका नाटक कंपनीच्या मागच्या आवारात, पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे सुतारकाका पडद्यांच्या चौकटी, कुठेच न उघडणारे दरवाजे आणि लाकडी तलवारी बनवत. अंगावर भुसा, हाताला सरस आणि तोंडात कुरकुर, असे ते गृहस्थ. मला घडवताना तर त्यांचे तोंड थांबतच नव्हते. "आयुष्यभर खुर्च्या टिकाव्यात म्हणून घाम गाळला, आणि आता म्हातारपणी मोडावी म्हणून खुर्ची करतोय!" असे म्हणत त्यांनी माझे तीन पाय घट्ट बसवले. मागचा डावा पाय मात्र नुसता एका लाकडी खुंटीवर तोलून धरला. खुंटीला बारीक काळा दोरा बांधला आणि दोऱ्याच्या टोकाला फास केला. बसणारीने तो फास टाचेत अडकवायचा. टाच मागे ओढली की खुंटी निसटायची, पाय बाहेर फेकला जायचा आणि मी डाव्या अंगाला कोसळायचे. दिसायला मी अगदी खानदानी होते, पाठीवर नक्षी आणि बैठकीवर लाल मखमल. माझ्या पोटात काय आहे हे कुणाला सांगूनही खरे वाटले नसते.

माझ्यावर बसणारी ती बाई अंगाने एवढीशी होती. टिचकी मारली तर उडून जाईल म्हणून सगळे तिला टिचकीच म्हणत. कंपनीत तिला नायिकेच्या मैत्रिणीचे काम होते. म्हणजे पाण्याचा पेला आणून द्यायचा, "आलेच हं" म्हणायचे आणि आत निघून जायचे. त्या काळी बाईला विनोदी काम कुठलीच कंपनी देत नसे. रंगमंचावर बायकांनी गावे, रडावे किंवा मरावे. खट्याळ मोलकरीण, भांडखोर शेजारीण, तोऱ्यात वावरणारी आत्याबाई ही हसवणारी कामे पुरुष करत, मिशा काढून आणि केसांचा टोप घालून. आमच्याकडे ती कामे मामा करत. ते सगळ्या कंपनीचेच मामा होते, मालकांचेसुद्धा. लोक त्यांच्या नुसत्या चालीला हसत.

"बाईकडे बघून लोक डोळे पुसतात नाहीतर डोळे वटारतात," मालक म्हणत. "हसतील कशाला?"

मग एकदा मामांचे गाल सुजले. तालमीत त्यांची आत्याबाईची वाक्ये वाचायला मालकांनी टिचकीला बसवले. ती एका जुन्या, खऱ्याखुऱ्या खुर्चीवर बसून तावातावाने वाचत होती, आणि वाक्य अर्धे झाले असताना ती खुर्ची मोडली. टिचकी धप्पकन जमिनीवर आली, पण तोंडातले वाक्य तिने सोडले नाही. मान ताठ, चेहरा तसाच तोऱ्यात. राहिलेले अर्धे वाक्य तिने जमिनीवरून पूर्ण केले. मालक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि मामा बरे होईपर्यंत आत्याबाई तूच कर, असे तिला म्हणाले. ही हकीकत सुतारकाकांनी मला रंधा मारता मारता सांगितली, कारण त्यानंतर चारदोन दिवसांतच टिचकी त्यांच्या शेडमध्ये आली होती.

"काका, मला रोज मोडेल अशी खुर्ची करून द्या," ती म्हणाली.

"अगं, रोज पडायचं? हाडं मोजायला बसशील!"

"नुसत्या पडण्याला लोक हसत नाहीत हो. पडूनही काही झालंच नाही असं दाखवलं की हसतात."

मित्रांनो, हे तिचे तिला सुचलेले होते, तिला कुणी शिकवले नव्हते. त्यासाठी तिने आत्याबाईच्या तोंडी एक नवे वाक्य घातले. "आमच्या घराण्यात आजवर कुणावर खाली बघायची..." इथे टाच ओढायची, खाली आपटायचे आणि जमिनीवर बसून म्हणायचे, "...वेळ आलेली नाही!" हे वाक्य तिने कुठून आणले ठाऊक आहे? ती नाटकात शिरली तेव्हा तिचा थोरला भाऊ दारात उभा राहून ओरडला होता, "घराण्यावर खाली बघायची वेळ आणलीस!" तो भाऊ कधी नाटकाला आला नाही. आपल्या वाक्याला गावोगावी केवढा हशा मिळतो हे त्या बिचाऱ्याला कळलेच नाही.

मग पहिला प्रयोग आला. टिचकी पडली आणि प्रेक्षागृह एकदम गप्प झाले. बाई पडली की हसायचे असते हे त्यांना माहीतच नव्हते. मग तिने खालूनच, हनुवटी वर करून, सावकाश आपले वाक्य पूर्ण केले. मागून कुठून तरी एक फुसकन हसू आले, त्याला दुसरे येऊन मिळाले आणि बघता बघता लोकांनी प्रेक्षागृह डोक्यावर घेतले. विंगेत मामा उभे होते. ते हसता हसता थांबले. आपले काम गेले हे त्यांना तेव्हाच कळले असावे.

त्या दिवसापासून आमचे दिवस पालटले. मालक टिचकीला "अगं ए" म्हणून हाक मारायचे ते "टिचकीबाई, तुम्ही" म्हणू लागले. जाहिरातीच्या फलकावर तिचे नाव नायिकेच्या वर गेले आणि नायिका कितीतरी दिवस तिच्याशी बोलेना. आम्ही गावोगावी फिरलो. मालट्रकमध्ये पडदे आणि पेट्या चढत, पण मला ती कुणाच्या हाती देत नसे. प्रयोगाआधी माझी खुंटी ती स्वतः बसवायची, हलवून बघायची, पुन्हा काढून बसवायची. "आज नीट मोड हं," असे हळूच म्हणायची. कुणी एवढ्या मायेने मोडायला सांगितले तर कोण नाही म्हणेल?

तिच्या नावाने बोटे मोडणारेही कमी नव्हते. "हसणारी बाई परवडली, पण ही हसवणारी नको," असे म्हणून काही जण आपल्या घरच्या बायकांना मध्येच उठवून नेत. त्या बायका दारापर्यंत मागे वळून वळून बघत जात. बाजारात टिचकीला कुणी सुखाने भाजी घेऊ देत नसे. "बाई, एकदा पडून दाखवा ना!" असे म्हणत लोक तिच्याभोवती कोंडाळे करत.

"खुर्ची घरी राहिली हो," ती म्हणायची आणि पिशवी उचलून चालू लागायची. लोक त्यालाही हसत. आपण फिरकी घेतली की आपलीच घेतली गेली, हे त्यांच्या लक्षात येत नसे.

एक माणूस मात्र कधीच हसले नाही. टिचकीची धाकटी बहीण. तिला सगळे धाकटीच म्हणत. ती टिचकीचे कपडे सांभाळायची आणि तिच्या पोशाखात डाव्या बाजूला कापसाची जाड उशी शिवायची. प्रयोग संपला की रंगपटात, म्हणजे नटांच्या खोलीत, ती दार लावून घ्यायची आणि टिचकीच्या कंबरेला तेल चोळायची. ती कंबर मी पाहिली आहे. एक डाग हिरवा पडून विरतो न विरतो तोच त्यावर नवा जांभळा डाग उठलेला असायचा. बाहेर लोक आत्याबाईचे वाक्य म्हणत, हसत हसत घरी जात असायचे आणि आत ही बाई मला धरून उठायचा प्रयत्न करत असायची. मी धरून उठण्याजोगी खुर्ची नव्हते. तेव्हा मला माझी फार लाज वाटायची.

मग एकदा तिच्या डाव्या पायाला मुंग्या येऊ लागल्या आणि त्या जाईनात. दोघी बहिणी डॉक्टरांकडे जाऊन आल्या. आल्यावर धाकटी पेटीवर बसून राहिली.

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?" तिने विचारले. "आता पडायचं नाही. आणखी एकदा वेडंवाकडं लागलं तर पाय कामातून जाईल."

"हळू बोल. मालकांच्या कानावर गेलं तर तुझं तोंड बघणार नाही."

"कशाला जातेस गं अजून? लोकांचं काय, ते हसतात आणि घरी जातात. घरी तुला मी उठवते."

टिचकी आरशात बघून भुवया काढत होती. तिचा हात थांबला. "मी पडले नाही तर उद्या मामा पडेल," ती म्हणाली. "लोक म्हणतील, बघा, बाईला नाहीच झेपलं. मग कुठल्याच बाईला हे काम कुणी देणार नाही. तुला मी पडलेली दिसते, धाकटे. मला ते हसलेले ऐकू येतात."

धाकटीने पुढे वाद घातला नाही. मला वाटले, तिला पटले. पण मित्रांनो, माणूस गप्प बसले म्हणजे त्याला पटलेच असे नसते.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या आवारातल्याच नाट्यगृहात दुपारचा प्रयोग होता. टिचकी माझी खुंटी बसवून तोंडाला रंग लावायला गेली तेव्हा धाकटी शेडमध्ये गेली, सुतारकाकांची हातोडी पदराआड लपवून आणली आणि मी विंगेत उभी होते तिथे येऊन माझ्यापुढे गुडघे टेकून बसली. खुंटी तिने तशीच ठेवली, दोराही तसाच ठेवला. फक्त माझ्या डाव्या पायातून वरच्या चौकटीत एक लांब खिळा ठोकला. ठोकताना ती माझ्याशीच बोलत होती, "मोडू नकोस गं बाई. तुझ्या पाया पडते, मोडू नकोस." खोटे कशाला सांगू? मला बरे वाटले. जन्मात पहिल्यांदा मी चार पायांवर उभी होते.

पडदा उघडला. आत्याबाई आली, तोऱ्यात माझ्यावर बसली आणि बोलत बोलत तिच्या वाक्यापाशी आली. "आमच्या घराण्यात आजवर कुणावर खाली बघायची..." तिने टाच ओढली. खुंटी निघून टक्कन जमिनीवर पडली. मी हलले नाही.

लोक तोंडात हसू धरून बसले होते. नाटक त्यांना पाठ होते. पुढे काय होणार हे माहीत असताना तेच न घडल्यावर माणसे कशी शांत होतात, ते मी तेव्हा ऐकले. तिने पुन्हा म्हटले, "...खाली बघायची..." आणि जरा उठून माझ्यावर जोरात आदळली. मी जागच्या जागी. कुणीतरी खुसखुसले. मग टिचकीबाईंनी काय केले असेल? उठून त्यांनी माझ्याकडे, पाहुण्यांकडे बघावे तसे, अदबीने बघितले. मग सावकाश वाकत वाकत गेल्या, डोके थेट माझ्या बैठकीखाली घातले आणि तिथूनच म्हणाल्या, "...वेळ आलेली दिसते."

एवढा हशा मी आयुष्यात ऐकला नव्हता. लोकांच्या हसून हसून मुरकुंड्या वळल्या. नायिका रंगमंचावरच पाठ फिरवून हसू लागली. आणि माझ्याखाली डोके घातलेल्या टिचकीला तेव्हा तो नवा कोरा खिळा दिसला. तिचा चेहरा फक्त मला दिसत होता. वर सगळे हसत होते, खाली तिचे डोळे भरून आले होते. तो कुणी मारला हे तिला विचारावे लागले नाही.

प्रयोग संपल्यावर धाकटी धावत आली. "बघ! न पडता हसले की नाही? आजवर कधी हसले नव्हते इतके हसले!"

"हसले, कारण मी पडणार हे त्यांना माहीत होतं," टिचकी म्हणाली. "उद्यापासून न पडणाऱ्या बाईला कोण हसेल?"

"तुझ्या पायासाठी केलं मी."

"माझ्या कामात खिळा मारलास तू. इतकी वर्षं लोक तेच करत होते. तू नव्हतीस करत." हे तिने फार शांतपणे म्हटले. धाकटीने तिचे कपडे घडी घालून पेटीत ठेवले, तेलाची बाटली पेटीवर ठेवली आणि ती निघून गेली. जाताना म्हणाली, "मी आता यायची नाही. तुला पडताना बघायचा कंटाळा आलाय मला."

तेवढ्यात मालक आले. त्यांना भांडणाची काही कल्पना नव्हती. "टिचकीबाई, कमाल केलीत तुम्ही!" ते म्हणाले. "आता रोज असंच करायचं. आधी पडायचं नाही, वाकून बघायचं, आणि लोक बेसावध झाले की मग पडायचं. दोन हशे!"

मला वाटले, आता तरी ती सांगेल. डॉक्टर काय म्हणाले ते, पायाला येणाऱ्या मुंग्यांचे, सगळे. सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. पण दाराबाहेर मामा उभे होते आणि त्यांची सावली आत पडली होती. टिचकीने त्या सावलीकडे पाहिले. "करू की," ती म्हणाली.

सुतारकाकांनी पक्कडीने खिळा उपटला तेव्हा माझ्या लाकडाला उभी चीर गेली. ती बघून ते वैतागले. "हा पाय आता भरवशाचा नाही. नवा करायला हवा, थोडे दिवस द्या." पण उद्याचा प्रयोग जाहीर झाला होता. मग त्यांनी चिरेत सरस भरला, वरून तार गुंडाळली आणि रंगाचा हात मारला. बाहेरून मी पुन्हा खानदानी दिसू लागले.

दुसऱ्या दिवशी प्रेक्षागृह गच्च भरले होते. नवा विनोद बघायला लोक लोटले होते. टिचकीने वाकून बघितले, पहिला हशा घेतला, पुन्हा माझ्यावर बसली आणि टाच ओढली. मित्रांनो, मला डावीकडे कोसळायचे माहीत होते. डावीकडे तिच्या पोशाखात उशी होती. पण माझा पाय खुंटीपाशी सुटण्याआधीच चिरेवर फाटला, मी मागच्या मागे उलटले आणि ती पाठीवर पडली, माझ्या फाटलेल्या पायाच्या टोकावर.

तिने वाक्य पूर्ण केले. "...वेळ आलेली नाही." हशा झाला. यानंतर तिने उठायचे, कपडे झटकायचे आणि तणतणत आत जायचे असे ठरलेले होते. ती उठली नाही.

"मला उठता येत नाहीये," ती म्हणाली.

लोक खो खो हसले.

"अहो, खरंच उठता येत नाहीये."

लोक खुर्च्यांवर हात आपटू लागले. पडलेल्या बाईने बोलत राहायचे आणि आपण हसायचे, हे तिनेच तर त्यांना इतकी वर्षे शिकवले होते. मालकांना तिसरा हशा मिळाला म्हणून ते विंगेत टाळ्या पिटत होते. मामा पोट धरून हसत होते. पडदेवाला दोरी हातात धरून उभा होता, पण तोही डोळे पुसत होता. नाटक संपल्याची खूण मिळाल्याशिवाय तो पडदा पाडणार तरी कसा? मला हात असते तर मी ती दोरी ओढली असती. मी फक्त तिच्याखाली मोडून पडले होते.

तेवढ्यात अगदी शेवटच्या रांगेत एक बाई उठली. डोक्यावरून शाल घेतलेली. येणार नाही म्हणून गेलेली धाकटी प्रेक्षकांत येऊन बसली होती. ती मधल्या वाटेने चालत आली, घाईघाईने रंगमंचावर चढली आणि लोक तिलाही हसले. त्यांना वाटले, हेही नाटकातच आहे. धाकटी जमिनीवर बसली. तिने टिचकीचे डोके मांडीवर घेतले.

"लागलं?" तिने विचारले.

"लागलं गं," टिचकी म्हणाली.

इतक्या वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. पुढची रांग गप्प झाली. मग तिच्या मागची, मग तिच्याही मागची. अगदी वरच्या सज्जात एक माणूस बराच वेळ हसत राहिला होता, शेवटी शेजाऱ्याने त्याचा दंड धरला.

टिचकी कितीतरी महिने अंथरुणाला खिळून होती. डावा पाय कामातून गेला तो गेलाच. मला धाकटीने घरी आणून कोपऱ्यात उभे केले होते, तीन पायांवर, भिंतीला टेकवून. मला जाळून टाकतील असे मला वाटले होते. पण टिचकीने ऐकले नाही. "तिची काय चूक? तिला जे शिकवलं ते तिने केलं," ती म्हणाली. लोक भेटायला येत आणि खाली मान घालून म्हणत, "आम्हाला वाटलं, नाटकच आहे." तीच त्यांची समजूत घालायची. एक दिवस मामा आले. आत्याबाईचे काम आता त्यांच्याकडे गेले होते, नव्या भक्कम खुर्चीसकट.

"त्या दिवशी मीही हसलो गं," ते म्हणाले. "पोट धरून हसलो. तेव्हापासून झोप नाही मला."

"म्हणजे वेळ बरोबर जमली होती ना?" तिने विचारले. मामांना हसावे की रडावे कळेना. त्यांनी दोन्ही केले.

मालकांकडे तिच्यासाठी शब्द टाकला तो मामांनीच. "बसून करू दे तिला. पडायची काय गरज?" मालकांनी मान्य केले. प्रयोगाच्या दिवशी मला विंगेत नेऊन ठेवले होते, म्हणून पुढचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. टिचकी काठी टेकत रंगमंचावर आली. टाळ्या थांबेचनात. लोक उभे राहिले. मग ती एका दणकट खुर्चीवर बसली आणि तिने पहिला विनोद केला.

कुणी हसले नाही.

म्हणजे त्यांनी प्रेमाने स्मित केले. दुसऱ्या विनोदाला कुणीतरी "बिचारी" म्हणाले, ते रंगमंचापर्यंत ऐकू आले. खुर्चीखाली बघायला ती वाकू लागली तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई अर्धवट उठली आणि ओरडली, "अहो, जपून!" तिची वेळ तशीच अचूक होती, एका श्वासाचाही फरक नव्हता. पण समोर जी माणसे बसली होती ती तिला हसायला धजत नव्हती.

टिचकी थांबली. लोकांकडे बघून ती म्हणाली, "मला काही झालेलं नाही. हसा की." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मग विंगेतून एकटेच, मोठ्याने, ओढून ताणून काढलेले हसू आले. जन्मात कधी न हसलेली धाकटी हसत होती. तिला हसता येत नव्हते. टिचकीने त्या बाजूला बघितले, काठी उचलली आणि नाटक संपायच्या आधीच ती आत आली. त्या दिवशी ती धाय मोकलून रडली. पाय गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

त्यानंतर ती रंगमंचावर गेली नाही. मामाही फार दिवस ते काम करू शकले नाहीत. लोकांना आत्याबाई म्हणजे बाईच हवी होती, एवढे तरी टिचकीने मागे ठेवले होते. मालकांनी एक नवी मुलगी घेतली, मग दुसऱ्या कंपन्यांनीही घेतल्या. त्या पोरी टिचकीच्या घरी शिकायला यायच्या. शब्द कुठे तोडायचा, श्वास कुठे घ्यायचा, हसू आले की किती थांबायचे, सगळे ती पलंगावरून शिकवायची आणि चुकले की काठी आपटायची. पडायला मात्र तिने कुणालाच शिकवले नाही. आणि एक नियम घालून दिला. नाटकात पडले, आपटले, मेले, काहीही म्हणा, पण "लागलं" हा शब्द कुणी लिहायचा नाही आणि खोटा बोलायचा नाही. तो ऐकू आला की पडदा पाडायचा, मग हशा कितीही होवो.

आता टिचकी नाही. धाकटीही नाही. मी कंपनीच्या सामानाच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या ढगांशेजारी उभी आहे. माझी मखमल उंदरांनी कुरतडली. अधूनमधून कुणी भला माणूस येतो आणि म्हणतो, "हिला एक खिळा मारला की झालं." मित्रांनो, त्याला सांगा, खिळा मारायच्या आधी जरा मला विचार. धाकटीचे मन वाईट नव्हते. तिने विचारले मात्र नव्हते.

आणि तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. शाळेच्या जिन्यावर, अंगणात, रस्त्यात कुणी पडले तर तुम्हाला हसू येईल. येऊ दे, त्यात पाप नाही. पण आधी जवळ जाऊन विचारा, लागले का? लागले असेल तर हात द्या. नाही म्हणाले तर मात्र बिचारा, बिचारी म्हणत उभे राहू नका. त्याच्याबरोबर मोकळेपणाने, अगदी पोट धरून हसा. त्या शेवटच्या प्रयोगाला टाळ्या ऐकत आत आलेल्या टिचकीबाईंचा चेहरा मी पाहिला आहे. कुणी आपल्याला हसायचे सोडून दिले, की तेही लागते.